जकातखात्यातली एकोणीस वर्षे

हर्मन मेलव्हिलविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा साचा ठरून गेला आहे. तरुणपणी समुद्रावर गेला, ‘मोबी डिक’ लिहिली, ती कुणाला कळली नाही, मग जकातखात्याच्या नोकरीत कुजला आणि विस्मरणात मेला. पुढे जगाने त्याला डोक्यावर घेतले. मीही ही गोष्ट बरीच वर्षे खरी मानत होतो. मात्र जकात बंद होईपर्यंतची अठरा वर्षे मी स्वतः एका नगरपालिकेच्या नाक्यावर पावत्या फाडल्या आहेत. त्यामुळे तो ‘कुजला’ हा शब्द मला टोचायचा. त्या टोचणीपायीच मेलव्हिलच्या आयुष्याचा हिशेब तारखा आणि आकडे समोर ठेवून मी पुन्हा मांडून पाहिला.

त्याचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. फ्रेंच मालाचा व्यापार करणारे वडील कर्जात बुडाले आणि १८३२ मध्ये वारले, तेव्हा हा बारा वर्षांचा होता. शिक्षण तुटक झाले. बँकेत उमेदवारी, टोप्यांच्या दुकानात काम, शाळामास्तरकी असे सगळे करून तो जानेवारी १८४१ मध्ये देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या ‘अकुश्नेट’ या जहाजावर चढला. पुढच्या वर्षी मार्केसास बेटांवर जहाज सोडून पळाला. त्या अनुभवावरचे ‘टायपी’ १८४६ मध्ये निघाले आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. तिथपासून १८५७ पर्यंतच्या अकरा वर्षांत त्याची गद्याची दहा पुस्तके आली. ‘मोबी डिक’ हे त्यांतले सहावे.

‘मोबी डिक’ कुणालाच कळली नाही, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अनुकूल परीक्षणे दोन्ही देशांत आली होती. अपयशात एका साध्या मुद्रणदोषाचाही वाटा होता. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला ती आधी ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघाली आणि त्या आवृत्तीत शेवटचा उपसंहारच गळला. निवेदक इश्माएल कसा वाचला, हे त्या उपसंहारात आहे. साहजिकच तिथले परीक्षक विचारू लागले, सगळेच बुडाले तर ही कथा सांगतो कोण? पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कची आवृत्ती उपसंहारासह आली, पण तिथल्या काही पत्रांनी लंडनचे मत तसेच उचलले. लेखकाच्या हयातीत या कादंबरीच्या अमेरिकेत सुमारे ३,२०० प्रती खपल्या आणि तिथल्या प्रकाशकाकडून त्याला मिळाले ५५६ डॉलर.

डिसेंबर १८६६ मध्ये तो न्यूयॉर्क बंदरावर जकात निरीक्षक झाला. रोज ४ डॉलर, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे ‘मोबी डिक’ने अमेरिकेत जन्मभरात जे दिले, ते या नोकरीने पाच-साडेपाच महिन्यांत दिले. हे खाते त्या काळी लाचखोरीसाठी कुप्रसिद्ध होते आणि सत्तेतला पक्ष बदलला की माणसेही बदलत. १८७३ मध्ये त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने सरकारकडे रदबदली केली. त्या पत्रात, हा गृहस्थ पुढे केलेले पैसे शांतपणे परत करतो, अशी ग्वाही आहे. नाक्यावर काम केलेल्या माणसाला या ग्वाहीचे मोल वेगळे सांगायला नको. पैसे न घेणाऱ्याला वरचाही विचारत नाही आणि खालचाही. मेलव्हिलला एकोणीस वर्षांत बढती मिळाली नाही.

पण या काळात तो गप्प होता का? नाही. नोकरी लागण्यापूर्वी चारच महिने त्याचा यादवी युद्धावरचा कवितासंग्रह निघाला होता. नोकरीत असताना, १८७६ मध्ये, ‘क्लॅरेल’ हे जवळपास १८,००० ओळींचे काव्य आले. छपाईचा खर्च मामांनी दिला. पॅलेस्टाइनच्या वाटेवर निघालेले प्रवासी श्रद्धा आणि विज्ञान यांवर वाद घालतात, असा त्याचा विषय. मला ते वाचून संपवायला दोन पावसाळे लागले. त्यातले लांबलांब पट्टे कोरडे आहेत, हे कबूल केले पाहिजे. आखूड ओळींत विचार कोंबताना भाषा जागोजाग अडखळते. पण डार्विननंतर ज्याला देवही धरवत नाही आणि सोडवतही नाही, अशा माणसाची घालमेल इतक्या चिकाटीने मांडलेली मी दुसरीकडे क्वचितच वाचली आहे. तीन वर्षांनी उरलेल्या प्रती लगद्यात गेल्या. गद्याची कारकीर्द अकरा वर्षांची, कवितेची त्याच्या जवळजवळ तिप्पट. ज्या काळाला आपण मौन म्हणतो, तो कवितेचा काळ आहे.

इथे एक दुसरी दंतकथा उभी करण्याचा मोह होतो : नोकरी हीच त्याची साधना होती. तो मोहही आवरला पाहिजे. १८६७ मध्ये पत्नी एलिझाबेथने त्याच्यापासून वेगळे व्हावे, अशी खलबते तिचा भाऊ आणि तिचे धर्मगुरू करत होते. ती पत्रे १९७५ मध्ये उजेडात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थोरला मुलगा माल्कम अठराव्या वर्षी स्वतःच्या पिस्तुलाची गोळी लागून घरात मेला. एलिझाबेथ घर सोडून गेली नाही आणि नवऱ्याची हस्तलिखिते उतरवत राहिली. उपेक्षित प्रतिभावंताच्या गोष्टीत सगळी सहानुभूती एकाच माणसाकडे जाते आणि हे घर दिसेनासे होते.

३१ डिसेंबर १८८५ रोजी त्याने नोकरी सोडली. उरलेल्या वर्षांत लिहिलेली ‘बिली बड’ २८ सप्टेंबर १८९१ रोजी तो वारला तेव्हा अपुरीच होती. ती १९२४ मध्ये छापली गेली. खोट्या आरोपाने बावरलेला, बोलताना अडखळणारा निरागस खलाशी एक ठोसा मारतो आणि अधिकारी मरतो. मुलाचे मन निर्दोष आहे हे कप्तान व्हिअर जाणतो आणि तरीही त्याला फासावर चढवतो. अभ्यासक इथे मेलव्हिलच्या सासऱ्यांची आठवण काढतात, ते योग्यच आहे. न्यायमूर्ती लेम्युएल शॉ गुलामगिरीच्या विरोधात होते, तरी १८५१ मध्ये थॉमस सिम्स या पळून आलेल्या गुलामाला मालकाकडे परत धाडण्याच्या आड ते आले नाहीत. कायदा तसा होता.

मला मात्र व्हिअरमागे बंदरावरचा निरीक्षकही दिसतो. आमच्या नाक्यावर डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन एक बोहारीण यायची. नियमाने तिच्याकडून पैसे घ्यावे लागत आणि मी ते घेत असे. नियम चुकीचा नव्हता, मीही लबाड नव्हतो, पण पावती फाडताना मी तिच्याकडे पाहत नसे. कुठे फाशी आणि कुठे दोन-चार रुपये! तरीही व्हिअरला खलनायक ठरवणारे आणि त्याला न्यायाचा पुतळा मानणारे, असे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात, ते या आठवणीमुळे. नियम राबवणाऱ्याच्या आत काय चालते, हे ही कथा आतून जाणते. बत्तिसाव्या वर्षी ‘मोबी डिक’ लिहिणाऱ्याला हे जमले असते, असे मला वाटत नाही.

म्हणून मेलव्हिलच्या आयुष्याला ‘मोबी डिक’नंतरची उतरण म्हणणे आता थांबवावे. ‘क्लॅरेल’ आणि ‘बिली बड’ त्या कादंबरीच्या सावलीत न ठेवता स्वतंत्र वाचावीत, त्यांच्या उणिवांसकट. आणि त्याला जकातखात्याने संपवले, असे लिहिण्याआधी त्या एकोणीस वर्षांत काय काय लिहिले गेले, याची नोंद तरी घ्यावी.