जिनची क्षमता आणि मोसमाचा हिशोब : उत्पादन-अर्थशास्त्रातील काही मूलकल्पनांचे परीक्षण

उत्पादन-अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यग्रंथांचा आरंभ दोन कल्पनांनी होतो. उत्पादन म्हणजे कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर, ही पहिली; आणि ह्या रूपांतराचा खर्च स्थिर व बदलता अशा दोन भागांत विभागता येतो, ही दुसरी. दोन्ही कल्पना बाराही महिने चालणाऱ्या कारखान्याकडे पाहून घडलेल्या आहेत. अमरावती-अकोल्याकडील मुख्य यांत्रिक उद्योग मात्र दीर्घकाळ जिन आणि प्रेस हा राहिला. आणि जिन दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतो. हा उद्योग त्या कल्पनांत बसतो की त्यांची मर्यादा दाखवितो, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कच्च्या मालाची कल्पना घेऊ. १०० किलो कापसातून सुमारे ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेला बहुतांश भाग सरकीचा. आल्फ्रेड वेबर ह्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली मांडलेल्या स्थाननिश्चितीच्या उपपत्तीप्रमाणे, ज्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते त्याचा कारखाना मालाच्या उगमाजवळ वसतो. जिन वऱ्हाडात का आणि गिरण्यांचे माहेरघर मुंबईत का, ह्याचे उत्तर त्यात अर्धेअधिक मिळते : रुईचे सुतात रूपांतर होताना वजन फारसे घटत नाही, म्हणून गिरणीला शेताशी बांधून राहण्याचे कारण उरत नाही. १८७० मध्ये खामगावला आणि लवकरच अमरावतीला मुख्य लोहमार्गाचा फाटा मिळाला, तेव्हा दाबलेली गाठ बंदरापर्यंत नेणे सोपे झाले. अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल अशा गिरण्या पुढे निघाल्या, तरी प्रांताची ओळख गाठीचीच राहिली.

परंतु वेबरच्या भाषेत 'घटलेले वजन' म्हणजे जणू टाकाऊ भाग. सरकी टाकाऊ नाही. तिचे तेल निघते, ढेप जनावरांच्या गव्हाणीत जाते. कापसाचा भाव करताना व्यापारी रुईचा भाव आणि सरकीचा भाव एकत्र धरतो व त्यातून जिनचा खर्च वजा करतो. म्हणजे येथे एकाच खर्चातून दोन वस्तू निर्माण होतात आणि तो खर्च दोहोंत वाटण्याचा कोणताही निर्विवाद नियम नाही. रुईला 'मुख्य' आणि सरकीला 'उप' उत्पादन म्हणणे हा केवळ बाजाराचा संकेत होय. कापूस-आयुक्त रिव्हेट-कारनॅक ह्यांच्या काळच्या सरकारी अहवालांत वऱ्हाड हा मँचेस्टरला रुई पुरविणारा मुलूख म्हणून दिसतो. 'कच्चा माल' ही संज्ञा त्या दृष्टीचे अपत्य आहे. कास्तकाराच्या अंगणात हाताचा रेचा फिरत होता तेव्हा सरकी त्याच्याच घरी राहत असे, आणि त्यामुळे कच्चे काय व पक्के काय हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे.

खरी अडचण मात्र दुसऱ्या कल्पनेची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड-खानदेशात जिनांची संख्या पिकाच्या मानाने फार वाढली, आणि जिनमालकांनी 'पूल' ह्या नावाने ओळखले जाणारे संघ उभारले. पुलाचा नियम साधा होता : दर सर्वांनी मिळून ठरवायचा, काही जिन चालवायचे, काही बंद ठेवायचे, आणि बंद जिनच्या मालकालाही नफ्यातील ठरलेला हिस्सा द्यायचा.

काल्पनिक आकड्यांनी हा व्यवहार उलगडून पाहावा. समजा, एका गावात तीन जिन आहेत आणि त्यांतला कोणताही एक गावच्या साऱ्या पिकाच्या ६,००० गाठींची रुई पिंजून देऊ शकतो. प्रत्येकाचा मोसमी स्थिर खर्च ३ लाख रुपये. जिन बंद ठेवला तरी त्यांपैकी व्याज-घसाऱ्याचे २ लाख टळत नाहीत. तिन्ही चालले तर गाठीमागे १५० रुपये पडतात. एकच चालवून दोन बंद ठेवले तर एकूण ७ लाख, म्हणजे गाठीमागे सुमारे ११७ रुपये. पाठ्यग्रंथ येथे थांबतो आणि ३३ रुपयांच्या बचतीला कार्यक्षमता म्हणतो. परंतु चालत्या जिनचा खर्च गाठीमागे ५० रुपयेच आहे. उरलेले ६७ रुपये ज्या जिनांतून एक बोंडही गेले नाही त्यांच्यासाठी आहेत. शिवाय दर ठरविणारा पूलच असल्यामुळे तो ११७ पर्यंत उतरेल ह्याचीही हमी नाही. उघड स्पर्धेत दर टाळता येण्याजोग्या खर्चापर्यंत घसरतात, आणि नेमकी हीच घसरण थांबविण्यासाठी पूल जन्मतो. ह्या स्थितीत 'स्थापित क्षमता' हे उत्पादनाचे साधन न राहता उत्पन्नावरील हक्काचे प्रमाणपत्र बनते. क्षमतेची व्याख्या करताना ही शक्यता लक्षात घेणारा पाठ्यग्रंथ विरळाच. १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदाही मुख्यतः गाठींवरील खुणा, नोंदी आणि भेसळ ह्यांकडे वळलेला होता.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क ह्यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात स्थिर खर्चाच्या कल्पनेला जी कलाटणी दिली ती येथे उपयोगी पडते. मजुरी हा मालकाच्या वहीत बदलता खर्च असला तरी समाजाच्या दृष्टीने मजुराचा चरितार्थ काम बंद पडल्यावर थांबत नाही. म्हणून तो स्थिर खर्चच होय. जिनच्या मजुराला हे तंतोतंत लागू पडते. मोसम संपला की मालकाच्या वहीतून त्याचे नाव निघते, आणि उरलेल्या महिन्यांचा त्याचा भार निंदण-डवरणीच्या मजुरीवर आणि घरच्या कोरडवाहू तुकड्यावर पडतो. जिन स्वस्त दिसतो, कारण त्याच्या खर्चाचा एक भाग शेती भरत असते. क्लार्क ह्यांचा उपाय मात्र मालकाच्या सद्बुद्धीवर जरा जास्तच विसंबलेला आहे.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने आलेली आणि १९७२ पासून अमलात आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ह्या प्रकाशात पाहिली पाहिजे. तिची चर्चा बहुधा हमीभाव आणि तोटा ह्यांभोवती फिरते. पण तिच्या मूळ आखणीत एक वेगळी सैद्धांतिक भूमिका होती : रुई आणि सरकी विकून आलेल्या रकमेतून प्रक्रियेचा खर्च वजा करावा आणि उरले ते कास्तकाराला द्यावे. म्हणजे गाठ बांधली जाईपर्यंत उत्पादक कास्तकारच. जिन केवळ मोल घेऊन काम करणारा. हे तत्त्व योग्य होते. दोष असा की हिशोब राज्यभराचा एकत्र होता. त्यामुळे एखाद्या तालुक्यातील जिन चांगला चालला काय किंवा वाईट चालला काय, त्या तालुक्याच्या कास्तकाराला त्यातून काही कळत नसे. खर्चाची नोंद राहिली, खर्चाचा बोध गेला. एकाधिकार पुढे संपला आणि खाजगी जिन पुन्हा खरेदीदार झाले.

२००० साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने जिनांच्या आधुनिकीकरणास साहाय्य दिले. दुहेरी रोलरची यंत्रे, कापूस आपोआप भरणारी साधने आणि त्याच आवारात प्रेस, अशी रचना रूढ झाली. रुईतील कचरा कमी झाला, ही निर्विवाद प्रगती. मात्र पीक तेवढेच असताना ताशी क्षमता वाढली, तर तेच पीक कमी दिवसांत पिंजून होते. जिन अधिक महिने बंद राहतो, आणि अधिक महागड्या यंत्राचे व्याज कमी दिवसांवर पडते. मजुराचे दिवस तर दोन्हीकडून घटतात. अहवालांत क्षमता 'ताशी गाठी' ह्या मापाने लिहिली जाते. वर्षात किती तास, हा रकाना बहुधा कोरा असतो.