मुद्रा, पाठ आणि कर्तृत्व : सदारंगाच्या बंदिशींचा प्रश्न

सदारंगाच्या बंदिशींचा अभ्यासक ग्रंथालयात गेला की त्याच्या हाती प्रथम येतात ते भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग. त्यांतील ‘सदारंग’ ही मुद्रा असलेल्या चिजा वेगळ्या काढल्या की कर्त्याची संहिता सिद्ध झाली, असा समज स्वाभाविक असला तरी भ्रामक आहे. न्यामतखाँ ऊर्फ सदारंग हा मुहम्मदशहाच्या (१७१९–१७४८) दरबारातला. भातखंडे (१८६०–१९३६) यांनी चिजा स्वरलिपीत उतरवल्या त्या प्रामुख्याने गायकांच्या मुखातून. मधल्या दीड शतकाहून अधिक काळ या रचना गळ्यागळ्यांतून बदलत आल्या. छापील पानावर उरतो तो परंपरेचा एका क्षणीचा पाठ. मुद्रेचा पुरावाही असाच अपुरा. नामदेवगाथेत ‘नामा’ या मुद्रेखाली विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, हे मराठी संशोधकाला ठाऊक आहे. मग बंदिशींपाशी येताच त्याने तो संशय का सोडावा? अन्य संग्रह आणि ध्वनिमुद्रिका यांच्याशी प्रत्येक पाठ ताडून पाहणे आणि पाठभेदांची साक्षेपाने नोंद करणे, एवढा मार्ग त्याला मोकळा आहे. त्यातून ‘सदारंग’ हे कदाचित एका व्यक्तीपेक्षा एका रचनापरंपरेचे नाव ठरेल. तसे ठरल्यास कर्तृत्वाची आपली कल्पनाच तपासावी लागेल.