‘नथिंग’चं मराठी काय?
‘किंग लिअर’मध्ये म्हातारा राजा राज्य वाटताना धाकटीला विचारतो, माझ्यावरच्या प्रेमाबद्दल तू काय बोलशील? कॉर्डेलियाचं उत्तर : ‘नथिंग’. इंग्रजीत हे नाम आहे, वाक्याचा कर्ताही होतं. म्हणून लिअर लगेच हिशेब घालतो, यातून निपजणार काय? पुढे विदूषक त्यालाच आकड्याविना शून्य ठरवतो. मराठीत ‘शून्य’ लिहिलं तर हिशेब जुळेल, पण पोरगी एकदम तत्त्वज्ञ वाटेल. मला ‘काही नाही’च हवं, हिशेब हुकला तरी. डोळे सुजलेले असताना आईने ‘काय झालं?’ विचारलं की आपण हेच म्हणतो ना! आई ओळखते. लिअर मात्र धाकटीचा वाटा थोरल्या दोघींत वाटून टाकतो.