पुस्तक परीक्षण : मार्कस विनँड यांचे ‘एसक्यूएल परफॉर्मन्स एक्सप्लेन्ड’

डेटाबेसच्या तासाला मी दरवर्षी फळ्यावर बी-ट्री काढतो. नोड कसा फुटतो हे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. तेच विद्यार्थी प्रकल्पाच्या वेळी वेब ॲप्लिकेशन दाखवायला आणतात, आणि यादीचे पान उघडायला दहा सेकंद लागली की सर्व्हरला दोष देतात. यात चूक शिकवणाऱ्याचीही आहे. ही दरी भरून काढणारी पुस्तके थोडी आहेत आणि त्यांपैकी एक म्हणजे विनँड यांचे २०१२ साली निघालेले हे सुमारे दोनशे पानांचे पुस्तक. त्यातील बराच मजकूर ‘यूज द इंडेक्स, ल्यूक’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

लेखकाची भूमिका ठाम आहे : इंडेक्स ठरवणे हे डेटाबेस प्रशासकाचे नव्हे, प्रोग्रामरचे काम. कोणती माहिती कोणत्या अटीवर मागितली जाते, हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. हे म्हणणे मला पटते. विद्यार्थ्यांनी पुस्तक वाचावे ते मुख्यतः यासाठीच.

सर्वांत सरस भाग अनेक स्तंभांवरील इंडेक्सचा आहे. ‘जास्त निवडक स्तंभ आधी ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला विनँड खोडून काढतात. समानतेची अट असलेला स्तंभ आधी आणि मर्यादेची अट असलेला नंतर, असा त्यांचा नियम आहे. तो का, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. शुल्क-पावत्यांच्या तक्त्यात ५०० महाविद्यालये आहेत, प्रत्येकाच्या रोज १० पावत्या होतात आणि आपल्याला एका महाविद्यालयाच्या ३० दिवसांच्या पावत्या हव्या आहेत. इंडेक्समध्ये महाविद्यालय आधी असेल, तर हव्या त्या ३०० नोंदी सलग सापडतात. तारीख आधी असेल, तर त्या ३० दिवसांतल्या सर्वांच्या मिळून १,५०,००० नोंदी चाळाव्या लागतात. इंडेक्स दोन्हीकडे ‘वापरला’च जातो, म्हणून नुसते ‘इंडेक्स आहे ना?’ एवढे विचारून भागत नाही.

पानांकनाची चर्चाही वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने वाचावीच. ऑफसेट दहा हजार दिला की डेटाबेस तेवढ्या ओळी आधी मोजतो आणि टाकून देतो. त्याऐवजी मागच्या पानावरील शेवटची किंमत लक्षात ठेवून तिच्यापुढून वाचावे, असे विनँड सुचवतात. क्रम एकमेव राहावा म्हणून तारखेच्या जोडीला आयडी घ्यावा लागतो. शिवाय थेट ३७व्या पानावर उडी मारता येत नाही. ग्राहकाला ती उडी खरोखर हवी असेल, तर हा उपाय त्याच्या गळी उतरवणे कठीण जाते.

आता तक्रारी. क्वेरीची अंमलबजावणी-योजना कशी वाचावी हा भाग लेखकाने परिशिष्टात टाकला आहे. माझ्या मते तो पहिल्या प्रकरणात हवा होता. योजना वाचता न येणाऱ्याला बाकीचे पुस्तक केवळ विश्वासावर स्वीकारावे लागते. दुसरे म्हणजे, अनेक क्वेरींपैकी नेमकी त्रासदायक कोणती हे कसे शोधायचे, यावर पुस्तकाचा भर नाही. त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ किंवा मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग स्वतंत्रपणे शिकावा लागेल. ओआरएममुळे यादीतील प्रत्येक ओळीमागे एक जादा क्वेरी जाण्याचा प्रकार मात्र जॉइनच्या प्रकरणात नीट दाखवला आहे.

काळाचा परिणामही झाला आहेच. पुस्तक निघाले तेव्हा मायएसक्यूएलमध्ये हॅश जॉइन नव्हता. तो २०१९ मध्ये ८.०.१८ आवृत्तीत आला. बी-ट्रीवरील विवेचनाला त्याने बाधा येत नाही.

वाचताना परिशिष्टापासून सुरुवात करा आणि हाताशी पोस्टग्रेएसक्यूएल ठेवा. शंभर ओळींच्या तक्त्यावर प्रयोग करू नका. एवढ्या लहान तक्त्यासाठी डेटाबेस बहुधा इंडेक्स सोडून सगळा तक्ताच वाचतो आणि तुम्हाला वाटते की पुस्तक चुकले. ‘जनरेट सिरीज’ने दहा लाख ओळी भरा, मग ‘एक्सप्लेन ॲनलाइज’ चालवा. ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते, तेव्हा डिलीटवर वापरायची असेल तर आधी ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि शेवटी रोलबॅक करा.