शब्दांवांचून स्वरमेळ

चाल घालावी आणि तिच्याखालीं बसणारे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरमेळ, यंत्रानें सुचवावे, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. यंत्राला भावना कोठून, असें म्हणून तिची थट्टा करणें सोपें आहे. पण थट्टा म्हणजे परीक्षण नव्हे. तेव्हां एक उदाहरण नीट पाहूं.

२१ मार्च २०१९ रोजीं गूगलनें बाखच्या नांवाचें एक खेळणें लोकांपुढें मांडलें. खेळणाऱ्यानें लहानशी चाल लिहावी, यंत्रानें बाखच्या वळणाचे आणखी तीन आवाज तिला जोडावे. तीन दिवसांत त्याच्याकडे साडेपांच कोटींहून अधिक मागण्या आल्या! या यंत्राला बाखचीं ३०६ कोरालें, म्हणजे ल्यूथरपंथी मंडळींच्या समूहगीतांच्या चौस्वरी रचना, शिकविलीं होतीं. त्यांतील कांहीं स्वर पुसावयाचे आणि यंत्राकडून भरून घ्यावयाचे, अशी ती शिकवण. स्वतः रचना करतांनाही तें लिहिलेलें पुनःपुन्हां खोडतें. ही खोडाखोड मला तरी फार आवडली. आमच्यांतील किती कवि एवढी करतात?

परंतु १७२७ सालच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’कडे वळलें म्हणजे अडचण दिसूं लागते. हास्लरची एक चाल, मूळची १६०१ मधील प्रेमगीताची, तेथें पांच वेळां येते. पहिल्या दोन वेळां मेळ तोच, केवळ अर्धा स्वर खालीं उतरलेला. पुढें मात्र तो पालटत जातो. आणि येशूनें प्राण सोडल्यावर ती शेवटची येते तेव्हां खालचे आवाज अर्ध्या अर्ध्या स्वरानें असे सरकतात कीं, पायांखालची जमीन सुटल्यासारखें वाटतें. चाल तीच, प्रसंग आणि शब्द निराळे. यंत्राला स्वर दिले होते, शब्द दिलेच नव्हते. मग या मेळांतून निवड कशाच्या आधारें करावयाची?

हा दोष यंत्राच्या माथीं मारण्याची घाई मात्र नको. बाखचा पुत्र इमॅन्युएल आणि शिष्य किर्नबर्गर यांनीं जमविलेलीं ३७१ कोरालें १७८४ ते १७८७ या काळांत छापून निघालीं, तीं शब्द गाळूनच. तोच संग्रह पुढें पिढ्यान् पिढ्या पाठ्यपुस्तक झाला. यंत्र त्याच शाळेंतलें.

मागें एक विद्यार्थी एका कवितेची चाल आणि यंत्रानें दिलेल्या तीन स्वरमालिका घेऊन आला. यांतील बरोबर कोणती, हा त्याचा प्रश्न. मी त्याला कविता म्हणावयास सांगितली. तिसऱ्या ओळीशीं वाक्य पुरें होत नव्हतें, तें चौथींत वाहत जात होतें. तिन्ही मालिकांनीं मात्र तेथें सुरांचा ठसठशीत पूर्णविराम दिला होता. व्याकरणाला धरून, निर्दोष! तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें तेथील शेवटचा कॉर्ड काढून आपल्या हातानें दुसरा घातला. तो जरा ओबडधोबडच बसला आहे. मी तसाच राहूं द्यावयास सांगितलें.