कामतांची फूटपट्टी आणि वारली मूल

सरावलीत बोलायचं ठरलं तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. मुलाच्या बौद्धिक अक्षमतेचा दाखला काढताना आजही ठिकठिकाणी जी कसोटी घेतात, ती बिने-कामत. बिने पॅरिसचे, हे सगळे सांगतात. कामत कोण, म्हटलं की शिकवणारेसुद्धा गप्प! व्ही. व्ही. कामतांनी बिनेची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. १९३४ साली ते काम ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आलं, १९४० साली त्याचं पुस्तक झालं. परक्या मुलांचे आकडे आपल्या मुलांना लावायचे नाहीत, ही त्यामागची भूमिका आम्हाला आजही मोलाची वाटते.

आता हिशेब पाहू. आमचा पेशा तत्त्वज्ञानाचा, पण एवढं गणित जमतं. मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले १००. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सात आलं, की बुद्ध्यांक ७०. टर्मनच्या १९१६च्या मांडणीत लहान वयाच्या दर वर्षाला सहा प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन महिने. याच मुलाने आणखी एक प्रश्न सोडवला तर ७० चे जवळपास ७२ होतात. रेषा ७०च्या आसपास आहे, हे लक्षात घ्या. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला तोच एक प्रश्न सव्वातीनहून थोडे जास्त गुण देतो, दहाच्या मुलाला त्याच्या निम्मे. गुणांचा पसारा वयागणिक बदलतो, म्हणून ७० या आकड्याचा अर्थही दर वयाला सारखा राहत नाही. वेक्स्लरने १९३९ साली भागाकार सोडून सरासरीपासूनचं अंतर मोजायला घेतलं, ते उगाच नाही.

दुसरी अडचण काळाची. जेम्स फ्लिनने १९८४ साली दाखवलं की मानकं जुनी झाली की गुण फुगतात. म्हणजे ज्याला मदत हवी असं एखादं मूल रेषेच्या वर जाऊन दाखल्याला मुकतं.

आणि इथलं वारली मूल? त्याला शब्दाचा अर्थ विचारायचा तो शाळेच्या मराठीत. ते गप्प बसलं तर शून्य. ती चुप्पी बुद्धीची, की भाषेची, की समोरच्या अनोळखी साहेबाच्या धाकाची? आकड्याला ते कळत नाही. इथे चूक उलट दिशेने होते, धड मूल रेषेखाली जातं. कुणी म्हणेल, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील. सरासरीत खातीलही एखाद्वेळेस. पण दाखला सरासरीला मिळत नाही, तो एका पोराला मिळतो.

इथून जवळच, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून आल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. मूल शाळेत बसत नाही तर शाळेत काय चुकतंय, असं त्यांनी विचारलं. कामतांच्या कसोटीत हा प्रश्नच बसत नाही, कारण ती मुलाला रांगेत उभं करायला केलेली आहे. हा कामतांचा दोष नव्हे. नव्वद वर्षं तीच पट्टी हातात धरून बसलो, तो आपला.

मघाशी एका बाईंनी विचारलं, मग दाखला काढूच नये का? काढा. सवलती त्याच्यावाचून मिळत नाहीत. पण कसोटी कोणत्या भाषेत घेतली, दुभाष्या होता का, मानकं कोणत्या सालची, हे अहवालात लिहून मागा. आकडा ६५ ते ७५च्या मध्ये असेल तर पुन्हा तपासणी मागा, आणि त्या दिवशी मुलाच्या आजीला सोबत न्या. ते घरी काय काय करतं, ते तिला विचारू द्या.