नौकेचे दिवे : वीज वाचते, पण रंग?

नौकेवरील टंगस्टनचे बल्ब काढा, एलईडी लावा आणि बॅटरी वाचवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब बरोबर आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर 25 वॅटचे चार दिवे दहा तास जळले, तर सुमारे 83 अँपिअर-तास खर्च होतात. तीन-तीन वॅटच्या एलईडींना दहा पुरतात. (कोकणात एलईडी म्हटले की बंदी आठवते. 2017 मधील ती बंदी मासे आकर्षित करणाऱ्या प्रखर झोतांवर आहे. तिचा येथे संबंध नाही.) आमचा आक्षेप आहे तो तुलना वॅटपाशीच थांबवण्याला.

नौकेचा दिवा वाट दिसावी म्हणून नसतो, तो खूण असतो. समुद्रावरील टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा हवा. दोन यांत्रिक नौकांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील आणि आपल्याला दुसरीचा लाल दिवा दिसला, तर वाट आपण द्यायची. रंग चुकला की अर्थच बदलला.

आता नुसता बल्ब बदलल्यास काय होते ते पाहू. तापलेल्या तारेच्या प्रकाशात सर्व रंग सलग असतात, लाल तर भरपूर. काच हवा तो रंग सोडते, बाकीचे अडवते. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळा डायोड असतो. त्यावरील फॉस्फर थोडा निळा प्रकाश शोषून पिवळसर प्रकाश देतो. डोळ्याला हे मिश्रण पांढरे भासते, पण त्यात गडद लाल तुटपुंजा असतो आणि 480 नॅनोमीटरच्या आसपास खळगा पडलेला असतो. म्हणून जुन्या लाल काचेमागे तो मंदावतो, हिरव्या काचेमागे निळसर दिसू शकतो. शिक्षकांनी बल्बच्या आणि एलईडीच्या विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावून हा फरक वर्गात जरूर दाखवावा. लाल काचेमागे लाल एलईडी आणि हिरव्यामागे हिरवा, हाच योग्य पर्याय.

तीव्रतेचेही तसेच. एक सागरी मैलावरून दिसण्यासाठी 0.9 कँडेला लागतात, दोन मैलांसाठी 4.3. अंतराच्या वर्गाचा नियम चौपट सांगतो. उरलेली वाढ हवेतील शोषणामुळे. शिवाय बाजूचा दिवा 112.5 अंशांतच दिसावा लागतो. भिंग एका बारीक तारेसाठी घडवलेले असते. तिच्या जागी डायोडांचा झुबका बसवला की ही कड पुसट होते आणि समोरच्याला भलताच रंग दिसू शकतो. त्यामुळे बल्ब न बदलता एलईडीसाठीच बनवलेला, प्रमाणित असा संपूर्ण दिवा घेणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते, महाग पडला तरी.

अशा दिव्याचीही तपासणी मात्र टळत नाही. काही एलईडींच्या विद्युत्मंडलातून रेडिओलहरी निसटतात आणि व्हीएचएफ संदेशांत अडथळा येतो. अमेरिकी तटरक्षक दलाने 2018 मध्ये तसा इशारा दिला होता. दुसरे म्हणजे बल्ब जातो तेव्हा अंधार होतो, लगेच कळते. एलईडी बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू मंदावतो आणि नौकेवरच्या माणसाला तो पेटलेलाच दिसतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2007 च्या ठरावात जहाजांवरील एलईडी दिव्यांसाठी, तीव्रता घटल्याची सूचना देणारी सोय किंवा ठरावीक आयुष्यानंतर दिवा बदलणे, अशी अट आहे.